तिरप्या रेघेवरचा दिवा

"मान सरळ नको ठेवू वं पोरी. सरळ तर खांबबी उभा राहते."

महाल भागातल्या निम्म्याअधिक पोरींनी लग्नाआधी हे वाक्य ऐकलेलं असायचं. बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत, एका कासाराच्या दुकानाला लागून, 'मनोहर फोटो स्टुडिओ' अशी पाटी होती. पाटीवर नाव मनोहररावांचं, पण मनोहरराव सहासष्ट साली गेले आणि कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, डोकं घातलं. पाटी बदलायला काय, रंगारी चौकातच बसायचा. पण बाईंनी बदलली नाही. त्यांचं नाव असताना माझं कशाला, म्हणायच्या.

सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडलीच. नवरा गेलेल्या बाईच्या हातून लग्नाच्या पोरीचा फोटो? शुभकामाची सुरुवातच अशी? तोंडावर कोणी बोललं नाही, पण गिऱ्हाईक समोरच्या फुटपाथनं जायचं. मग हळूहळू पोरींच्या आयांच्या ध्यानात आलं, की बाकीच्या स्टुडिओत परका माणूस पोरीच्या हनुवटीला बोट लावून मान फिरवतो, पदर सारखा करा म्हणून टक लावून बघत बसतो, आणि इथे एक बाई आहे. तेव्हा शुभ-अशुभ गेलं चुलीत. आया पोरींना घेऊन यायला लागल्या आणि वर म्हणायला लागल्या, की बाईचा हात फार गुणाचा आहे हो!

हात गुणाचा होताच, पण खरी गंमत जमिनीवर होती. मनोहरराव जातीचे सुतार. वडिलांचा लोखंडी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचा तो एल आकाराचा पट्टा, त्यांनी स्टुडिओच्या भिंतीला खिळ्यावर टांगला होता. तो जमिनीवर ठेवून त्यांनी लाल ऑइलपेंटच्या तीन रेघा ओढल्या होत्या. कॅमेऱ्यापासून गिऱ्हाइकाच्या स्टुलापर्यंत एक, सरळ. स्टुलापासून भिंतीकडे दुसरी, काटकोनात. आणि त्या दोघींच्या मधोमध तिसरी, तिरपी. मोठ्या बल्बच्या दिव्याचा स्टँड उभा राहायचा तो या तिसऱ्या रेघेवर.

मनकर्णाबाई नवी नवरी होत्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "इथंच काहून? तिथं ठेवला तर काय होते?"

मनोहरराव मॅट्रिकला इंग्रजीत गचकले होते, पण भूमितीवर त्यांचा फार जीव. त्यांनी बायकोलाच स्टुलावर बसवलं आणि हातात आरसा दिला. दिवा सरळ रेघेवर, कॅमेऱ्याच्या बाजूला आणला. "पाह्य. काय दिसते?" चेहरा थाळीसारखा सपाट दिसत होता. नाक आहे की नाही कळेना. मग दिवा काटकोनातल्या रेघेवर नेला. अर्धा चेहरा पौर्णिमा, अर्धा अमावस्या. मग तो तिरप्या रेघेवर आला. नाकाची हलकीशी सावली गालावर पडली, गाल वर आले, हनुवटीखाली काळोख साचला आणि आरशात मनकर्णाबाई दिसायला लागल्या.

"काटकोन एकच राहते," मनोहरराव म्हणाले होते. "त्याच्याहून लहान तो लघुकोन, मोठा तो विशालकोन, आन् ते सगळे तिरपे. मोजाले बसली तर जन्म पुरत नाही. जगात तिरपंच जास्त आहे मनकर्णा. तिरप्याले नावं नाही ठेवाची."

बाईंना सगळं कळलं असं नाही. पण त्या शेतकऱ्याची लेक. भर दुपारी वखरलेलं वावर कसं सारवल्यासारखं सपाट दिसतं आणि दिवस कलला की त्याच वावरात ढेकूळ न ढेकूळ कसं उठून येतं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. त्यांनी तेवढं लक्षात ठेवलं आणि त्यावर पुढे पंधरा वर्षं धंदा केला.

आता असं बघा, तिरपा उजेड चेहऱ्याला रूप देतो, पण तो चहाडखोरही असतो. गालावर खड्डा असला, कपाळावर खोक असली, तर तो सांगून मोकळा होतो. सरळ उजेड बिचारा झाकून घेतो. बाकीचे स्टुडिओवाले म्हणूनच तसल्या पोरींना सरळ दिवा लावायचे, वर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून खड्डे बुजवून टाकायचे. पोरगी फोटोत एक आणि पाटावर दुसरी. किती घरांत त्यावरून रडारड झाली असेल!

मनकर्णाबाईंचा मात्र कायदा होता. पेन्सिल त्याही चालवायच्या, पण कुठे? कोणी आई म्हणाली, "बाई, ही पुटकुळी तेवढी काढून टाका," तर काढायच्या. म्हणाली, "आन् हा व्रणबी," तर पेन्सिल खाली ठेवायच्या.

"पुटकुळी पाहुणी हाय, उद्या जाईन. व्रण घरचा हाय. पाहुण्याले काढता येते माय, घरच्याले कसं काढाचं?"

काही आया चिडून निघून जायच्या. जाऊ दे, म्हणायच्या बाई. पण होता होता असं झालं, की स्थळ सांगायला आलेला फोटो लोक आधी उलटा करून मागचा शिक्का बघायचे. मनोहर स्टुडिओचा शिक्का असला की पोरगी जशी आहे तशी आहे, डोळे मिटून पुढे जावं. गल्लीत राहणारे नत्थूजी सोयरिकी जुळवायचे. ते तर छातीवर हात मारून सांगत, "शिक्का पाहा गा, शिक्का! सरकारी कागदावर असा शिक्का भेटत नाही."

मनकर्णाबाईंना या शिक्क्याचा अभिमान होता. का नसावा?

आणि त्यांना एकच पोरगी होती, जया. ती पाच वर्षांची असताना तिला देवी आल्या. मनोहरराव तेव्हा होते. नवरा-बायकोनं दारावर कडुनिंब बांधला, रात्रंदिवस उशाशी बसून काढले. पोर वाचली. पण दोन्ही गालांवर आणि कपाळाच्या डाव्या बाजूला देवी आपले ठसे ठेवून गेल्या. पोर जगली यातच आईबापाला स्वर्ग मिळाला होता, तेव्हा ठशांचं कुणाला काय?

काय ते कळलं ऐंशी साली. जया बी.ए. झाली होती, डोळे पाणीदार, आवाज असा की हाक मारली तर कासाराच्या दुकानातला माणूस वळून बघावा. स्टुडिओच्या डार्करूममध्ये आईच्या बरोबरीनं काम करायची. बाईंनी तिचा फोटो काढला तो आपल्या कायद्यानं, तिरप्या रेघेवर दिवा ठेवून. नत्थूजींनी तो एका घरी नेला. परत आणला. "पत्रिका नाही जुळत म्हणतात." दुसऱ्या घरी नेला, तिथूनही परत. "पत्रिका..." नत्थूजी भिंतीकडे बघत बोलले. बाईंनी फोटो हातात घेतला. पत्रिका तर नत्थूजींनी नेलीच नव्हती, ती बाईंच्या ट्रंकेत होती.

मग कन्हानचं स्थळ आलं. मुलगा ओमप्रकाश, शाळेत मास्तर. वडील नव्हते, आई कौसल्याबाई, पाठची एक बहीण. घरचं थोडं वावर, नदीकाठी पक्कं घर. आणि मुख्य म्हणजे जयानं त्याला पाहिलं होतं. तो तिच्याच कॉलेजात, दोन वर्षं पुढे होता; त्यानं मात्र हिला कधी पाहिलं नव्हतं. नाव ऐकल्याबरोबर तिनं मान खाली घातली आणि उगीचच ट्रे धुवायला लागली. धुतलेलेच ट्रे!

बाईंनी ते पाहिलं आणि मनाशी ठरवलं. या वेळेस फोटो परत यायला नको.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जयाला नवीन फोटोसाठी स्टुलावर बसवलं. "पहिला जुना झाला," म्हणाल्या. चार महिन्यांत कुठे फोटो जुना होतो? मग त्यांनी दिव्याचा स्टँड उचलला आणि सरळ रेघेवर, कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला आणून ठेवला. वरून पांढरं धोतर टाकलं, उजेड आणखी मऊ व्हायला.

"आई, दिवा सरकला," जया म्हणाली.

"सरकू दे. तू समोर पाह्य."

"मान तिरपी करू?"

"नको. सरळ ठेव."

जया आईकडे बघत राहिली. मग तिनं मान सरळ केली. बाईंनी काळ्या कापडात डोकं खुपसलं, आणि तिथल्या अंधारात त्यांना बरं वाटलं, कारण कॅमेऱ्याच्या काचेवर पोरगी उलटी दिसायची, तिचे डोळे डोळ्यांना भिडायचे नाहीत.

फोटो सुरेख आला. एकही खड्डा नाही. पेन्सिलसुद्धा लागली नाही, म्हणजे आपण काही खोडलं तर नाही ना, अशी बाईंनी मनाची समजूत घातली. माणूस समजूत घालायला बसला की स्वतःइतकं भोळं गिऱ्हाईक त्याला कुठेच मिळत नाही. जयानं ओला फोटो दोरीवर अडकवताना विचारलं, "ही कोण वं, आई?"

"तूच. दुसरी कोण?"

बाईंनी मागे शिक्का मारला. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत त्यांनी फोटो हातातच धरून ठेवला होता.

कन्हानहून आठवड्यात निरोप आला. पसंत आहे, मुलगी पाहायला येतो. नत्थूजी पेढे खाऊनच सांगायला आले.

पाहुणे आले वैशाखात, सकाळी. स्टुडिओच्या मागच्या खोलीत बैठक होती. खोलीला पूर्वेकडे एक मोठी खिडकी होती आणि सकाळचं ऊन तिच्यातून आडवं आत यायचं. बाईंनी ती लावून घेतली, वर चादर ठोकली. समोरच्या भिंतीवर नवी ट्यूबलाइट बसवली आणि जयाची खुर्ची बरोबर तिच्या समोर मांडली. आयुष्यभर जे शिकल्या ते सगळं त्यांनी त्या खोलीत वापरलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

कौसल्याबाई ठेंगण्या, गोल कुंकवाच्या जागी गोंदलेला हिरवा ठिपका, बोलायला मोकळ्या. ओमप्रकाश अवघडून बसला होता. जया पोहे घेऊन आली, बसली. सगळं ठीक चाललं होतं. कौसल्याबाईंनी स्वयंपाकाचं विचारलं, शिक्षणाचं विचारलं, "आमच्या इथं कन्हानले वाळू लय, पायाले चटके बसतात बरं!" असं म्हणून हसल्याही. मग पदरानं वारा घ्यायला लागल्या.

"बाई, खिडकी उघडा ना जराशी. जीव घाबरा होऊन राहिला."

"धूळ येते हो बाहेरची," मनकर्णाबाई घाईनं म्हणाल्या. "पंखा वाढवते."

"वाढवून वाढवून किती वाढवान? उघडा ना."

"ते कवाड फुगलं हाय, निघत नाही..."

जया उठली. कोणी काही म्हणायच्या आत तिनं चादर ओढून काढली, कडी सरकवली आणि दोन्ही कवाडं उघडली. फुगलेलं कवाड कसं सरळ उघडलं! ऊन तिरपं आत आलं. जया परत येऊन खुर्चीत बसली. खुर्ची तिनं थोडी फिरवली, खिडकीकडे, आणि डावा गाल उन्हात धरला.

कौसल्याबाईंचा पदराचा हात थांबला. त्यांनी पिशवीतून फोटो काढला. एकदा फोटो बघितला, एकदा जया. मग फोटो उलटा केला आणि शिक्क्यावर बोट ठेवलं.

"मनकर्णाबाई," त्या म्हणाल्या, आणि आवाज चढलेला नव्हता, "माह्या जावेच्या पोरीचा फोटो तुमच्याच इथचा होता. तिच्या ओठाच्या वरता लव होती, तेबी दिसत होती त्याच्यात. म्हणून आमी हा शिक्का पाहिला आन् घरात हो म्हणून बसलो."

बाई उगीच पोह्यांची बशी पुढे सरकवायला लागल्या.

"देवीचे व्रण तर माह्या सासूलेबी होते. गावभर म्हणत, लक्षुमी हाय. त्याचं काही नाही बाई. खरा फोटो धाडला असता तरी आमी आलो असतो." त्यांनी फोटो पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला. "खोट पोरीत नाही. खोट फोटोत हाय. आन् ज्या घरी माय असं करते, तिथून पोरगी न्याची म्हणजे आणखी काय काय झाकलं असन, हे जन्मभर पाहत बसाचं का?"

त्या उठल्या. ओमप्रकाश उठला, दारात थांबला, जयाकडे बघून काहीतरी बोलायला गेला, आणि आईच्या मागोमाग चपला शोधायला लागला. तो काही वाईट मुलगा नव्हता. पण आईला ओलांडून बोलायची ताकद प्रत्येकात नसते, त्याला तरी काय करणार?

पोहे तसेच राहिले. नत्थूजी टोपी हातात घेऊन ओट्यावर उभे होते. "बाई, सगळ्या दुनियेले सरळ सांगतल्यावर तुमी हे काहून केलं?" एवढंच म्हणाले आणि गेले.

बातमी गल्लीत संध्याकाळच्या आत पसरली. गिऱ्हाईक थोडं रोडावलं, मग परत आलं. त्याचं बाईंना काही वाटलं नाही. जया बोलत नव्हती, ते मात्र सहन होत नव्हतं. जेवायला वाढायची, काम करायची, विचारलं तर हो-नाही. शेवटी बाईंनीच तिचा हात धरला.

"बोल ना वं काही. शिव्या दे पाहिजे तर."

जयाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "दुसऱ्याच्या पोरीचे व्रण तुले चालतात. माह्या व्रणाची लाज वाटली तुले."

"लाज?" मनकर्णाबाई खालीच बसल्या. "लाज नाही वं माय. लाज कशाची? मी रात्र रात्र तुह्या उशाशी बसून देवीले म्हणत होती, लागन तेवढे व्रण दे पण लेकरू दे. मले लाज नाही वाटली. मले भेव वाटलं."

दोघी मायलेकी पोटभर रडल्या. मग जया तोंड धुऊन आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आता काढ. रेघेवर दिवा ठेवून."

बाईंनी दिवा तिरप्या रेघेवर ठेवला आणि काढला. तो फोटो मोठा करून जयानं स्वतः दर्शनी काचेत लावला. जो तो येता-जाता थांबून बघायचा. गालावरचा खड्डा न खड्डा दिसत होता, आणि त्यांच्या वरती ते पाणीदार डोळे. कोणी म्हणायचं, काय बाप्पा हिंमत! कोणी म्हणायचं, आता हिचं लग्न झालं म्हणून समजा. होईल तेव्हा होईल. जया हळूहळू कॅमेऱ्यामागे उभी राहायला लागली, बाईंच्या डोळ्यांना बारीक दिसेनासं झालं होतं, आणि पोरींना आता जयाचा आवाज ऐकू यायला लागला, "मान सरळ नको ठेवू वं."

ब्याऐंशीची दिवाळी होऊन गेली होती. दुपारी एक बाई आणि एक पोरगी काचेसमोर उभ्या राहिल्या. पोरगी आत यायला बघत होती, बाई मागे ओढत होती. शेवटी दोघी आत आल्या, तेव्हा मनकर्णाबाईंनी ओळखलं. हिरवा ठिपका. कौसल्याबाई.

कौसल्याबाई वर बघत नव्हत्या. "माही पोरगी. शोभा," म्हणाल्या. शोभानं पदर कानावरून ओढून घेतला होता. स्टोव्ह भडकला होता गेल्या साली. कानापासून हनुवटीपर्यंत कातडी आखडून चकाकत होती.

"फोटो पाहिजे. स्थळ आलं हाय." कौसल्याबाईंनी एकदा दाराकडे बघून घेतलं, मग एकदम खालच्या आवाजात, "बाई, तो... तो दुसरा दिवा लावान का? जयाले लावला होता, तसा."

मनकर्णाबाईंना या घटकेची किती दिवस वाट होती! दोन वर्षं त्यांनी मनातल्या मनात उत्तरं तयार केली होती, एकाहून एक झोंबणारी. आता त्यातलं एकही आठवेना. समोर एक आई उभी होती आणि तिचे हात पोरीचा पदर पुन्हा पुन्हा कानावर ओढत होते. हे हात त्यांना चांगलेच ओळखीचे होते.

जया दिव्यापाशी उभी होती. तिनं कौसल्याबाईंकडे बघितलंच नाही. तिनं शोभाला स्टुलावर बसवलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"शोभा, तुले कोणता पाहिजे वं? समोरचा का तिरपा?"

मनकर्णाबाईंना सरळ रेघेवरचा तो दिवा आठवला. त्या दिवशी जयाही याच स्टुलावर बसली होती, आणि तिला हे कोणी विचारलं होतं? आईनं तर नाहीच.

शोभानं आईकडे बघितलं. मग काचेकडे, जिथे जयाच्या फोटोची पाठ दिसत होती. मग तिनं कानावरचा पदर खाली घेतला.

"बाहेर लावला हाय ना," ती म्हणाली, "तसा काढा."

"शोभे!" कौसल्याबाई ओरडल्याच. "तुले काही समजते का? एकदा का फोटो परत आला..."

जयानं स्टँड उचलून तिरप्या रेघेवर ठेवला. मनकर्णाबाई खुर्चीतून उठल्या, कौसल्याबाईंचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि त्यांना दाराकडे वळवलं.

"चला बाई, आपण दोघी बाहेर ओट्यावर बसू," त्या म्हणाल्या. "त्या दोघींले नाही, आपल्यालेच भेव वाटते."